रिकाम्या पोटांचा रकाना

बाबा जाऊन पाच आठवडे झाले, तेव्हा कुठे ताईने त्यांच्या शेवटच्या सफरीच्या बरण्या उघडायला घेतल्या. धीर होत नव्हता असं नाही. सवड होत नव्हती. माणूस गेला की इतके कागद लागतात, इतक्या खिडक्यांपुढे उभं राहून तो गेला आहे हे सांगावं लागतं, की रडायलासुद्धा नंबर लावावा लागतो.

घरी ती एकुलती एक, पण प्रयोगशाळेत तिला मॅडमपासून सफाईवाल्या मावशीपर्यंत सगळे ताई म्हणत. अठरा वर्षं ती तिथे बाबांच्या हाताखाली होती. काम ऐकायला चमत्कारिक होतं: माशांची पोटं उघडून आत काय आहे ते बघायचं. ताई कात्री चालवायची, आतला ऐवज चिमट्याने पांढऱ्या बशीत मांडायची आणि मोठ्याने सांगायची. टेबलाच्या पलीकडून बाबा तक्त्यात लिहून घ्यायचे. "किडे चार." "चार." "कुबडे अकरा." "अकरा. नीट बघ, बारावा कोपऱ्यात असेल." कुबडे म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, नखाएवढे, पाठीत वाकलेले जीव. बारावा बहुतेक वेळा कोपऱ्यात असायचाच.

आणि मासा एकच. तीस वर्षं एकच. शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत त्याला सगळे 'डोक्या' म्हणत; कारण अर्ध्या अंगात डोकं आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीचा संसार. ध्रुवाकडच्या समुद्रात, वर बर्फाचं छत आणि खाली तीनशे मीटरवर चिखल, अशा जागी डोक्या पुढच्या दोन परांवर कोपरं टेकून बसतो. पाणी असं, की खारट आहे म्हणून पाणी राहिलंय एवढंच. तिथे उगाच पोहत हिंडणं परवडत नाही. समोरून काही गेलं की तोंड उघडायचं, मिटायचं, पुन्हा बसून राहायचं. पाहुण्यांना बाबा सांगत, "आमचा मासा म्हणजे अगदी सरकारी नोकर. टेबलाशी आलं तर बघतो." बाबांचा त्याला एकच प्रश्न असायचा, आज काय खाल्लंस? ताई शाळेतून आली की तिलाही ते हेच विचारत, त्यामुळे लहानपणी तिला वाटायचं, हा डोक्या आपल्या भाऊबंदांपैकीच कुणीतरी असणार.

आता मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ठरवलं होतं की सगळ्या तीस सफरींचे तक्ते एकत्र करून सरांच्या नावाने पुस्तक काढायचं. एकोणतीस तक्ते जुळून तयार होते. तिसावा बाकी होता, आणि तोच महत्त्वाचा होता. कारण ती एकच सफर ऐन हिवाळ्यातली होती. बाबांना अंथरूण धरावं लागलं त्याच महिन्यात बोटीवरून बरण्या आल्या. सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. ताईच्या हातात मंगळवार ते रविवार होता.

हिवाळा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. बाबांचं म्हणणं असं, की डोक्या हिवाळ्यातही खातो. कमी खातो, आठ-आठ दिवस पचवत बसतो, पण खातो. शेजारच्या खोलीतल्या संशोधकांचं म्हणणं होतं की तो हिवाळाभर तोंडच उघडत नाही. हे गृहस्थ माशांच्या कानांतले खडे तासून त्यांवरची वर्तुळं मोजायचे, आणि हिवाळ्याचं वर्तुळ त्यांना नेहमी केसाएवढं बारीक दिसायचं. म्हणजे वाढ नाही, म्हणजे खाणं नाही. बाबांनी त्यांचं नाव उपाशीबुवा ठेवलं होतं. बुवांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. रोज चारच्या चहाला दोघांची जुंपायची.

"काय बुवा, जेवलात का? की हिवाळा लागला?"

"आम्ही जेवलो. तुम्ही तुमच्या माशाला भरवून आलात ना?"

बुवा निवृत्त झाले तरी फोनवर हे चालू होतं. शेवटच्या महिन्यात बाबांचा आवाज पुरेनासा झाला, तेव्हा थांबलं.

मंगळवारी ताईने पहिली बरणी उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बोटीवर दर वेळी पोट तेवढं कापून, दोन्ही टोकांना दोरा बांधून बरणीत टाकत. या वेळी जठर, आतडं, यकृत सगळा घोस तसाच्या तसा ठेवला होता. तिने बोटीवरच्या जाळेवाल्याला फोन लावला.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "हाताचं लाकूड झालं होतं. कात्री धरवत नव्हती. सर बघणार असते तर शिव्या खाऊन का होईना कापलं असतं. सर आजारी आहेत कळलं आणि... ढकललं सगळं बरणीत."

"म्हणजे आळस केलात."

"आळसच म्हणा. सर बरे आहेत ना आता?"

ताईने सांगितलं. 

मग ती कामाला लागली. पहिलं पोट रिकामं, दुसरं रिकामं. तिसऱ्यात दोन किडे आणि एक कुबडा. चौथं रिकामं. रिकाम्यांची सोय ठरलेली होती: टेबलाखाली एक निळी बादली असे, तिच्यात टाकायचं आणि पुढचं घ्यायचं. तक्त्यात त्यांना जागाच नव्हती. बाबांनी हा धडा तिला पहिल्या आठवड्यात दिला होता. जाळं खोलातून वर येतं तेव्हा माशाच्या पोटातली हवेची पिशवी, वाताशय म्हणतात तिला, फुग्यासारखी फुगते आणि जठराला तोंडातून बाहेर ढकलते; मासा सगळं ओकून टाकतो. तेव्हा रिकामं पोट म्हणजे मासा उपाशी होता असं नाही, वाटेत लुटला गेला एवढंच. "रिकामं पोट हा पुरावा नाही, अपघात आहे," बाबा म्हणत. त्यांना हे त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, गरम समुद्रातल्या माशांवर काम करताना. शिकवलं ते खरंच होतं.

मंगळवार, बुधवार मिळून पंचेचाळीस पोटं झाली. छत्तीस बादलीत गेली. इतकी रिकामी कधीच आली नव्हती. पण बर्फाला भोक पाडून जाळं ओढायचं म्हणजे हिसके जास्त बसणार, जास्त ओकणार, असं बाबा म्हणाले असते. ते म्हणाले असते म्हणून ताईनेही तेच मनाशी म्हटलं.

सेहेचाळिसाव्या बरणीतलं पोटही रिकामंच होतं. ते बादलीकडे नेताना चिमट्याला यकृत लोंबत होतं, आणि यकृताच्या कडेला एक हिरवीकाळी पिशवी होती, टपोऱ्या द्राक्षासारखी ताणलेली. तिच्या पित्ताने शेजारचं यकृतसुद्धा हिरवं पडलं होतं. ताईचा हात थांबला. अठरा वर्षांत तिने डोक्याचं पित्ताशय कधी पाहिलंच नव्हतं. ते बोटीवरच कापलं जायचं.

पित्ताचा हिशेब सोपा असतो, कुणालाही कळेल असा. पोटात अन्न आलं की पिशवी पिळली जाते, रिती होते. बरेच दिवस काही आलंच नाही तर पित्त साठत जातं, गडद होत जातं. तासाभरापूर्वी पोटभर जेवून वाटेत ओकलेल्या माशाची पिशवी अशी टम्म कशी असेल? तिने जठर बोटात धरून पाहिलं. ओकलेलं पोट ढिलं पडतं, हवा गेलेल्या फुग्यासारखं. हे आखडलेलं होतं, जाड भिंतीचं, आत सुरकुत्या घट्ट मिटलेल्या. यातून कुणी काही हिसकावून घेतलं नव्हतं. यात काही नव्हतंच.

आणि मग, उशीवर डोकं टेकल्यावर एखादी विसरलेली गोष्ट आठवावी इतक्या सहज, तिला दुसरी गोष्ट आठवली. डोक्याला वाताशय नसतं. तळाशी बसणाऱ्या या माशाला तरंगायचंच नसतं, तर हवेची पिशवी हवी कशाला? हेही बाबांनीच शिकवलं होतं, त्याच पहिल्या आठवड्यात, बहुधा त्याच दिवशी. दोन्ही गोष्टी त्यांना पाठ होत्या, तिलाही पाठ होत्या. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांसारख्या त्या तीस वर्षं बाबांच्या डोक्यात आणि अठरा वर्षं तिच्या डोक्यात नांदल्या, आणि कुणीही त्यांची गाठ घालून दिली नव्हती. पिशवी नाही, तर फुगणार काय? फुगलं नाही, तर ओकणार कशाला?

ती खाली बसली आणि बादली ओढून घेतली. मावशी फरशी पुसत आली होती, ती तिथेच थबकली.

"ताई, टाकलेलं परत काढताय?"

"हो."

"काढा काढा. माझंही तसंच आहे. नवऱ्याला दर महिन्याला टाकते आणि परत काढते." मग तिने ताईचा चेहरा पाहिला आणि आवाज बदलला. "काही चुकलं का?"

"चुकलं, मावशी. पण आजचं नाही."

"मग सावकाश काढा. ओली जागा नंतर पुसते."

छत्तीसच्या छत्तीस पोटं निघाली. एकेकाचं पित्ताशय बघून ताईने ती ओळीने मांडली. गडद, गडद, गडद. एकाचंही ढिलं नव्हतं.

हात धुताना तिला चमचा आठवला. शेवटच्या पंधरवड्यात बाबा खात नव्हते. घास पुढे केला की ओठ मिटून मान वळवायचे. "अगं, भूक नाही म्हणजे नाही," म्हणायचे. डॉक्टर सांगून गेले होते की आता जबरदस्ती करू नका, शरीरालाच नको असतं. पण डॉक्टरांना काय, त्यांना दुसऱ्या घरी जायचं असतं. एका दुपारी वाटीतली पेज हातात घेऊन ताई त्यांना म्हणाली होती, "तुमचा डोक्यासुद्धा हिवाळ्यात खातो, बाबा. की बुवांचं खरं करायचंय?" बाबा हसले होते. मग तोंड उघडून त्यांनी तीन चमचे घेतले होते. तिला केवढं जिंकल्यासारखं वाटलं होतं. संध्याकाळी ते सगळं उलटून पडलं आणि रात्रभर त्यांचं पोट दुखत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. असं पाच दिवस.

नळ बराच वेळ वाहत राहिला होता. तिने तो बंद केला.

गुरुवारी दोन कुप्या पिशवीत घालून ती बुवांच्या घरी गेली. निवृत्तीनंतर बुवांनी जेवणाच्या टेबलाचं अर्धं राज्य सूक्ष्मदर्शकाला दिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर ते जेवत. तिने काही न बोलता कुप्या पुढे ठेवल्या. बुवांनी भिंग लावलं. जठर बघितलं, पित्ताशय बघितलं, कुपी उजेडाकडे धरली, फिरवली.

"अशी किती?"

"आतापर्यंत सत्तर उघडली. अठ्ठावन्न अशी."

"आणि आधीच्या सफरींतली?"

"बादलीत. वाताशय फुगून ओकली म्हणून मोजायची नाहीत, असा नियम होता."

बुवांनी भिंग खाली ठेवलं. "पण पोरी, डोक्याला वाताशय..."

"नसतं, काका."

 बुवांचे खांदे हलायला लागले. आधी ताईला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. मग हसू थांबलं आणि ते चिडले. खरोखरच चिडले, खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"हे मी आता ऐकवू कुणाला? तीस वर्षं या दिवसाची वाट पाहिली मी! आणि हा माणूस ऐन वेळी उठून गेला. ही काय रीत झाली?"

"रीत नाही," ताई म्हणाली.

ते पुन्हा बसले. "मला वाटायचं, तुमच्याकडे रिकामी येतच नसतील. तक्त्यात रकानाच नव्हता ना. एकदा विचारायला हवं होतं. रोज चहाला भेटत होतो. पण भांडायला इतकी गंमत येत होती की विचारायचं राहून गेलं." त्यांनी कुपी तिच्याकडे सरकवली. "आणि एक लक्षात ठेव. बाराजणांनी खाल्लंय. मी म्हणायचो एकही खात नाही. म्हणजे तोंडघशी मीही पडलोय."

"किती पडलात?"

"तुझा बाप पार आडवा. मी गुडघ्यावर." त्यांनी डोळे पुसले. "काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"मला विचारू नकोस. माझा हात त्यात बरबटलेला आहे. मी काहीही म्हटलं तरी लोक म्हणतील, बुवाने डाव साधला."

गुरुवारची रात्रही ताईने प्रयोगशाळेतच काढली, तेव्हा शुक्रवारी दुपारपर्यंत सगळी पोटं उघडून झाली. दोनशे बारा मासे. पोटात अन्न असलेले सदतीस. रिकामे एकशे पंच्याहत्तर. ताईने दोनदा मोजले आणि कागद घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी तो शांतपणे वाचला. त्या घाईच्या बाई नव्हत्या. वाचून झाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"दोन वाटा आहेत, ताई. सरांच्या पद्धतीने सदतीस माशांचा तक्ता करा. पद्धत सरांची, पुस्तक सरांचं, त्यात खोटं काहीच नाही. अन्न असलेलीच पोटं तपासली, असं पहिल्या पानावर लिहिलेलंच आहे. बाकीचं पुढेमागे वेगळ्या लेखात छापू."

"आणि दुसरी?"

"एकशे पंच्याहत्तर लिहा. पण मग आधीच्या एकोणतीस तक्त्यांत किती होती, हे कुणीही विचारेल. बाहेरच्या लोकांनी त्या तक्त्यांवर गणितं केली आहेत. हे मासे वर्षभरात किती खातात ते धरून किती पकडायचे ते ठरवलंय." त्यांनी कागद ताईला परत दिला. "मी सरांची विद्यार्थिनी आहे. मला सांगू नका मी काय करावं असं तुम्हाला वाटतं, आणि मीही तुम्हाला सांगत नाही. तक्त्याखाली सही तुमची आहे. रविवारी रात्रीपर्यंत कागद माझ्याकडे द्या."

घरी आई मटार सोलत बसली होती. यांचं पुस्तक झालं का, हे ती रोज विचारायची, आजही विचारलं. ताई समोर बसली आणि मटार सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. आईचं शिक्षण बेताचं होतं, पण तीस वर्षं डोक्याबरोबर संसार केलेली बाई ती. तिला वाताशय समजावून सांगावं लागलं नाही.

"मग वेगळं छाप," आई म्हणाली. "मॅडम म्हणतायत ना. तुझ्या नावाने छाप."

"त्यांच्या तक्त्यावर लोक विसंबलेत, आई."

"विसंबू देत की वर्षभर आणखी. माणूस गेला की त्याचे कपडे वाटतात गं, चुका नाही वाटत. यांच्याच पुस्तकात यांनाच खोटं पाडायचं? ते उठून उत्तर द्यायला येणार आहेत का?"

"खोटं पाडत नाही. मोजतेय."

"तेच ते."

ताईने आणखी दोन शेंगा फोडल्या. मग ताई म्हणाली, "मी त्यांना डोक्याचं नाव घेऊन भरवलं. पाच दिवस. तुमचा मासासुद्धा खातो, म्हणून. आणि तो खातच नव्हता, आई. तो नुसता बसून होता. त्याला काही झालं नव्हतं, कुणी लुटलं नव्हतं. हिवाळा होता, म्हणून तो खात नव्हता."

आईचे हात थांबले.

"तो तक्ता मी एकदा वापरलाय," ताई म्हणाली. "आणखी कुणी वापरावा असं मला वाटत नाही."

 आईने सालं गोळा केली, कचऱ्यात टाकली, ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग ताईकडे पाठ करूनच म्हणाली, "मासा खातो म्हणून नव्हते ते खात. मला म्हणाले होते, पोरीचा जीव राहत नाही, दोन चमचे घेतो." आणि आत निघून गेली.

शनिवारी दोघी एकमेकींशी गरजेपुरत्या बोलल्या. ताईने तक्त्याखाली द्यायची टीप लिहिली. सात वेळा लिहिली. पहिल्या खेपेला दीड पान झाली होती आणि त्यात बाबांची थोरवी, त्यांचे गुरू, गरम समुद्र सगळं आलं होतं. सातव्या खेपेला चार वाक्यं उरली. 'आधीच्या तक्त्यांत रिकामी पोटं मोजलेली नाहीत. वर येताना माशांनी अन्न ओकलं असावं असं आम्ही धरून चाललो. या माशाला वाताशय नसल्याने तसं धरायला आधार नव्हता; ही आमची चूक. तिसाव्या सफरीत रिकामी पोटं मोजली आहेत.' तिने ते बुवांना फोनवर वाचून दाखवलं.

"'आम्ही' कोण?" बुवांनी विचारलं.

"बाबा आणि मी. बादलीत मीच टाकत होते."

"ठीक आहे," बुवा म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "ठीकच आहे. छाप." आणि फोन ठेवायच्या आधी, सवयीने, "जेवलीस का?"

पण टीप पुरेशी नव्हती, हे रविवारी सकाळी छपाईची पानं समोर ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. टीप कोण वाचतं? लोक तक्ता उघडतात, आकडा उचलतात आणि जातात. बाबाही तेच करायचे. प्रत्येक तक्त्याच्या उजव्या अंगाला दोन बोटं जागा मोकळी होती. तिने पट्टी घेतली आणि पहिल्या पानावर एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'रिकामी'. आणि खाली काय लिहायचं, यावर पेन थांबलं.

आई चष्मा घेऊन आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. थोडा वेळ ती उलटी पानं वाचायचा प्रयत्न करत होती.

"ही पहिली सफर ना?"

"हो."

"तू तेव्हा दुसरीत होतीस. सव्वीस दिवस म्हणून गेले आणि पन्नास दिवसांनी आले. दाढी वाढवून. मी दार उघडलं नव्हतं आधी." आईने पान बोटाने दाबलं. "काय लिहितेयस?"

"किती रिकामी होती ते कुणालाच माहीत नाही."

"अंदाजे लिही की. शंभर-दीडशे. नाहीतर बोडकं दिसेल."

"अंदाजे नाही, आई."

ताईने लिहिलं: 'मोजली नाहीत.' आईने चष्म्यावरून ते शब्द नीट वाचले आणि पान उचलून बाजूला ठेवलं. पुढचं पान तिने स्वतःच सरळ केलं.

"दुसरी," आई म्हणाली.

ताईने रेघ ओढली. 'मोजली नाहीत.'

"तिसरी. या वेळी तुझे आजोबा आजारी होते." 'मोजली नाहीत.' "चौथी." 'मोजली नाहीत.' पाचवी, सहावी. सातव्या सफरीच्या वेळी ताईला कांजिण्या आल्या होत्या आणि बाबांनी बोटीवरून पाठवलेल्या पत्रात दोन पानं डोक्याविषयी आणि तळाशी एक ओळ, पोरीला खाजवू देऊ नकोस. आईला सगळ्या सफरी पाठ होत्या, फक्त वेगळ्या बाजूने. तिथे समुद्र नव्हता, घर होतं. ती आकडा सांगायची, कधी एखादी आठवण सांगायची, कधी नाही, आणि शाई वाळली की पान सावकाश ढिगावर ठेवायची.

तेराव्या पानाशी ताईचा हात जरा मंदावला.

"ही तू लागल्यानंतरची पहिली," आई म्हणाली.

"हो. इथून पुढे मी होते."

"मग लिही."

तिने लिहिलं. पहिल्या बारांपेक्षा अक्षर थोडं मोठं आलं. चौदा, पंधरा, सोळा. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर आलं. मधे आईने दोन कप चहा केला; तो अर्धा तिथेच गार झाला. पंचविसाव्याला रेघ वाकडी गेली, तेव्हा आई म्हणाली, "असू दे." एकोणतिसाव्या पानावरचे शब्द लिहून ताईने बोटं मोकळी केली.

"तीस," आई म्हणाली.

या तक्त्यात रेघ आधीच छापलेली होती. ताईनेच तो तसा करून दिला होता. फक्त आकडा भरायचा राहिला होता. तिने तो भरला. आईने पान स्वतःकडे वळवलं, पेन्सिलीच्या टोकाने सदतीस आणि एकशे पंच्याहत्तर यांची बेरीज केली, ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा केली.

"दोनशे बारा," ती म्हणाली. "बरोबर आहे. सही कर."